मोडीत न गेलेलं तांबं

दायमाबाद हे आज ओस पडलेलं गाव आहे. प्रवरा नदीच्या डाव्या काठावर, श्रीरामपूर तालुक्यात, पांढरीचं एक मोठं टेकाड, एवढीच त्याची ओळख उरली आहे. १९७४ साली तिथे एक भिल्ल शेतकरी झाडाचं खोड मुळासकट खणून काढत होता. मुळांखाली त्याच्या हाती धातूच्या चार वस्तू आल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा उभा पुरुष, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही भरीव ओतीव कामाच्या. चारींचं मिळून वजन ६० किलोंच्या वर.

दायमाबादबद्दल जे जे लिहिलं जातं त्यात या चार वस्तूंच्या सौंदर्यावर भर असतो, आणि तो रास्तच आहे. रथ ४५ सेंटीमीटर लांब आणि १६ सेंटीमीटर रुंद आहे. लांब दांडी, भरीव चाकं, पुढे जू आणि जुवाखाली दोन सडपातळ बैल. हाकणारा नग्न आहे, आणि दांडीवर त्याच्या पुढ्यात एक कुत्रा उभा आहे. त्या कुत्र्यासाठी कारागिराला धातू खर्चायची काही गरज नव्हती, तरी तो खर्चला. बाकीचे तीन प्राणी एकेका पाटावर उभे आहेत. गेंडा आणि रेडा यांच्या पाटांना चाकं आहेत, हत्तीच्या पाटाला चाकांची सोय आहे पण चाकं हरवली आहेत. म्हणजे या वस्तू ओढत न्यायच्या होत्या, बहुधा मिरवणुकीत.

मला मात्र त्या ६० किलोंचं नवल जास्त वाटतं. प्रवरेच्या खोऱ्यात तांब्याचा एक कणही निपजत नाही. सह्याद्रीपासून पूर्वेकडे पसरलेलं सगळं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचं आहे. या काळ्या कातळात शेतीला काळी माती मिळाली, लेण्यांना डोंगर मिळाले आणि पाट्या-वरवंट्याला दगड मिळाला, पण खाणीतून काढण्याजोगं तांबं मिळालं नाही. महाराष्ट्रात तांब्याचे साठे आहेत ते पार पूर्वेला, जिथे हा कातळ संपून जुने खडक वर येतात. चंद्रपूर जिल्ह्यातलं ठाणेवासना हे त्यातलं एक ठिकाण. गोदावरी, प्रवरा, घोड आणि भीमा यांच्या काठी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली शेतकरी गावं वसवली, त्यांच्यासाठी तांबं परमुलखातून आलेला माल होता. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या तांबट आळीतही तांबं बाहेरूनच येत राहिलं. तेव्हाही तसंच होतं, फक्त वाट फार लांब आणि वाहतूक बैलाच्या पाठीवरची.

ती वाट कुठून निघत असावी हे बऱ्यापैकी सांगता येतं. राजस्थानात अरवलीच्या उत्तर टोकाला झुंझुनू जिल्ह्यात खेतडी आहे. तिथल्या खाणी आजही ठाऊक आहेत. शेजारच्या सीकर जिल्ह्यात गणेश्वर नावाच्या जागी उत्खननात तांब्याच्या हजाराहून अधिक वस्तू निघाल्या. बाणांची टोकं, भाल्याची पाती, गळ, बांगड्या, छिन्न्या. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातलं हे गाव तांबं वापरत होतंच, पण स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतही होतं. दक्षिणेला उदयपूरजवळ आहाड. त्या गावाचं जुनं नावच तांबावती असल्याचं स्थानिक लोक सांगत आले. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया १९६१-६२ मध्ये तिथे खणायला गेले, तेव्हा तांबं गाळल्यावर उरलेली मळी सापडली आणि कथेला पुरावा मिळाला. आहाडच्या लोकांची दगडी पाती फारच थोडी आहेत. ज्याच्या दारात तांबं आहे त्याला दगड घडवत बसायची गरज काय?

आणखी खाली माळव्यात उज्जैनजवळच्या कायथा इथे विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६०च्या दशकात खणलं. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे तेच वाकणकर. कायथ्याला साच्यात ओतलेल्या दोन उत्तम कुऱ्हाडी आणि मडक्यांत ठेवलेल्या तांब्याच्या बांगड्या मिळाल्या, दोन डझनांहून अधिक. मडक्यात जपून ठेवलेल्या बांगड्या लेण्याच्या असतील तशा साठवणुकीच्याही असतील. पुढे नर्मदेवर महेश्वरसमोर नावडातोली, तापीवर प्रकाशे, आणि मग गोदावरीचं खोरं. दर टप्प्यावर माल हात बदलत असणार, आणि दर हातात थोडा थोडा राहून जात असणार.

दगडातून तांबं काढणं हे काम किती कठीण होतं याची कल्पना आज सहज येत नाही. हिरवा मॅलाकाइट जमिनीच्या वरच्या थरात मिळतो आणि तो कोळशाच्या विस्तवात तुलनेने लवकर तांबं सोडतो. पण तो लवकर संपतो. खाली उरतं ते सोन्यासारखं चमकणारं, गंधक आणि लोह मिसळलेलं खनिज. ते आधी ढिगात रचून लाकडावर भाजावं लागतं. गंधक धुराबरोबर निघून जातं आणि आसपासचा सगळा परिसर घुसमटतो. मग भाजलेलं खनिज, कोळसा आणि वाळू यांचे थर भट्टीत देऊन भाते चालवायचे. वाळूचं काम लोहाला धरून ठेवायचं. दोन्ही मिळून काचेसारखी मळी बनते, ती वर तरंगते आणि जड तांबं तळाशी बसतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले के. टी. एम. हेगडे यांनी आहाडची मळी तपासली, तेव्हा तिथल्या कारागिरांना वाळूचं हे मर्म कळलं होतं असं त्यांना दिसलं. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात. चुलीच्या विस्तवाने हे होत नाही. त्याला कोळसा हवा आणि अखंड वारा हवा. पहिल्या काळात तो वारा तोंडाने फुंकण्यांतून दिला जाई, म्हणजे तीन-चार माणसं आलटून पालटून फुंकत बसलेली.

एवढं करून हाती येणारं तांबं मऊ असतं. ठोकलं की ते कठीण होतं, पण फार ठोकलं की चिरतं. म्हणून मध्येच तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. कुऱ्हाडीची धार अशीच तयार होते, आणि तांबट आज हंड्याला मठारतो तेव्हाही धातूच्या पोटात हेच चालू असतं. कथील मिसळलं तर कासं बनतं. ते कमी उष्णतेत वितळतं, साच्यात छान भरतं आणि धार जास्त टिकवतं. पण कथील तांब्याहूनही दुर्मीळ. सिंधू खोऱ्यातल्या शहरांना, ज्यांचा व्यापार इराणच्या आखातापर्यंत पोचला होता, त्यांनासुद्धा ते मुबलक मिळत नव्हतं. त्यांची पुष्कळ हत्यारं कथील न मिसळलेल्या तांब्याचीच आहेत. आर्सेनिक हा दुसरा मार्ग. तो काही खनिजांत आपोआपच असतो, धातूला कठीण करतो आणि काम करणाऱ्याच्या छातीत विष भरतो.

आता प्रवरेकडे परत येऊ. संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणलं, आणि त्या गावाचं नाव महाराष्ट्राच्या एका संपूर्ण संस्कृतीला मिळालं. नारिंगी-लाल, पातळ, खणखणीत भाजलेली मडकी, लांब तोटीची भांडी. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा तिचा भराचा काळ, आणि काही ठिकाणी ती ७०० पर्यंत टिकली. जोर्व्याला तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. नुसत्या सहा, पण पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्यांना पानंच्या पानं मिळाली आहेत, कारण बाकीच्या गावांत मिळतं ते याहून फार थोडं. एक गळ, एक छिन्नी, एखादी बांगडी, काही मणी.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव हे यातलं सगळ्यांत कसून खणलेलं गाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची जवळजवळ पंधरा वर्षं तिथे काम केलं. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर, झेड. डी. अन्सारी यांनी शंभराहून अधिक घरं उघडली. गावाच्या मध्यभागी प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कडेला कारागिरांची वस्ती: कुंभार, मणी बनवणारा, चुना भाजणारा, धातूचं काम करणारा. धातूवाला गावाच्या टोकाला का, हे कळायला फार विचार नको. भट्टी, धूर, आणि शेजारी गवताची छपरं. पण या गावात रोजचं कापणं, सोलणं, कातणं होत होतं ते दगडानेच. कॅल्सेडनीच्या खड्यातून बोटाएवढी पाती इतक्या सफाईने उडवली जात की बोथट झालेलं पातं फेकून नवं लावणं स्वस्त पडे. उत्खननात ती हजारोंनी मिळतात. दगड फेकून देता येतो, तांबं फेकता येत नाही.

तांब्याचा इतिहास लिहिताना सगळं घोडं इथेच अडतं. आपल्याकडे भांड्याच्या दुकानात आजही जुनं भांडं मोड म्हणून घालतात, त्याचं वजन होतं, घट धरली जाते आणि उरलेल्या किमतीवर नवं भांडं घरी येतं. आजीच्या लग्नातला हंडा असाच नातवाच्या घरातली पाण्याची टाकी होऊन बसतो. ज्या मुलखात तांबं दूरवरून येतं, तिथे हा व्यवहार तीन हजार वर्षांपूर्वी याहून कडक असला पाहिजे. तुटलेली कुऱ्हाड मुशीत जाते आणि छिन्नी होऊन बाहेर येते, झिजलेली छिन्नी गळ होते आणि वाकलेला गळ मणी होतो. जमिनीत राहतं ते या फेऱ्यातून निसटलेलं: हरवलेलं, पुरलेलं, किंवा ज्याचा मालक परत आला नाही असं. इनामगावात किती तांबं होतं हे इनामगावात सापडलेल्या तांब्यावरून ठरवू गेलो तर हिशेब चुकणारच.

मोडीचा हा व्यवहार धातूच्या पोटातही खुणा ठेवतो. जोर्व्याच्या एका कुऱ्हाडीचं पृथक्करण झालं, तेव्हा तिच्यात कथील निघालं, पण दोन टक्क्यांहूनही कमी. चांगल्या काशाला आठ-दहा टक्के लागतं. दोन टक्क्यांनी धातूच्या गुणात म्हणावा तसा फरक पडत नाही. मग इतकं महाग कथील कोणी मुद्दाम एवढंसंच का घालील? माझा कयास असा की ते कोणी घातलंच नाही. कधीतरी, कुठेतरी काशाची एखादी वस्तू मोडीत निघाली आणि साध्या तांब्याबरोबर मुशीत गेली. मग आणखी एकदा, आणखी पातळ होऊन. त्या कुऱ्हाडीत आपण पाहतो ते तिच्या आधीच्या दोन-तीन वस्तूंचे अवशेष असू शकतात. आर्सेनिकचं याच्या उलट आहे. तो प्रत्येक वेळी वितळवताना वाफ होऊन थोडा थोडा उडतो. ज्या धातूत आर्सेनिक बऱ्यापैकी टिकून आहे, तो फार वेळा मुशीतून गेलेला नसावा. ही गोष्ट दायमाबादच्या चार मूर्तींच्या वयावरून चाललेल्या भांडणात उपयोगी पडते, म्हणून ध्यानात ठेवायची.

पण त्याआधी मण्यांकडे वळायला हवं. मोडीचा नियम ठरवून मोडला गेला तो इथेच, आणि लहान मुलांसाठी.

या गावांत मूल दगावलं तर त्याला घराबाहेर नेत नसत. दोन रुंद तोंडाची मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि हे सगळं घराच्या जमिनीखाली, जिथे आई स्वयंपाक करते, बापभाऊ झोपतात. इनामगाव, नेवासे, चांडोली, दायमाबाद, सगळीकडे हे दिसतं. नेवासे म्हटलं की मराठी माणसाला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. त्याच प्रवराकाठच्या टेकाडात, ज्ञानदेवांच्या सव्वीस-सत्तावीस शतकं आधीच्या एका घराखाली, एक मूल असं पुरलेलं होतं आणि त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. घोड नदीकाठच्या चांडोलीला १९६०-६१ च्या उत्खननात तशीच माळ मिळाली.

माळ ओवायला दोरा लागतो, आणि तीन हजार वर्षं दोरा टिकत नाही. इथे टिकला. तांबं ओल्या मातीत गंजतं, त्याचे हिरवे क्षार सुटतात आणि शेजारच्या धाग्यात मुरतात. कुजवणारे जंतू त्या क्षारांपुढे जगत नाहीत. मण्याच्या भोकात दडलेला दोरा असा शाबूत राहतो, कधी कधी तर धाग्याची जागा क्षारच घेतात आणि त्याचा आकार कायम होतो. हे दोरे ए. एन. गुलाटी यांनी तपासले. मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेलं कापड कापसाचं आहे, हे १९२०च्या दशकात ठरवणाऱ्या दोघांपैकी ते एक. नेवाशाच्या दोऱ्यात त्यांना रेशीम दिसलं, त्यात कापसाचे तंतू गुंतलेले. चांडोलीचा दोरा जवसाच्या तंतूंचा, म्हणजे लिननचा निघाला. मडकी, धान्य, हाडं यांनी जे सांगितलं नव्हतं ते मुलाच्या गळ्यातल्या चार मण्यांनी सांगितलं: या खोऱ्यांत रेशीम होतं, कापूस होता, जवसाचा धागा कातला जात होता. बलुचिस्तानात मेहेरगढला याहून कितीतरी जुनी तशीच गोष्ट घडली आहे. तिथल्या नवाश्मयुगीन दफनातल्या तांब्याच्या मण्यात कापसाचा धागा मिळाला, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातला. २००२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कापसाचा इतिहास एकदम मागे सरकला.

जिथे गळ वाकला तरी तो मुशीत जातो, तिथे एका घराने तेवढं तांबं लेकराबरोबर जमिनीत सोडलं. त्यांनी ते पुन्हा काढलं नाही, आणि घर त्यांचंच असल्याने काढणं मुळीच अवघड नव्हतं. याला मी धार्मिक समजूत म्हणून बाजूला सारू शकत नाही. किंमत ठाऊक असताना केलेला खर्च आहे तो.

आता दायमाबादचं भांडण. ही जागा भा. पु. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये शोधली. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली तीन टप्प्यांत उत्खनन झालं, आणि एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. सगळ्यांत खाली तापी खोऱ्यातली सावळदा, मग उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातली, मग दायमाबादची स्वतःची, मग माळवा, आणि वर जोर्वे. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीच्या खुणा असलेल्या मुद्रा निघाल्या. सिंधूची माणसं, किंवा निदान त्यांच्या रीती, प्रवरेपर्यंत आल्या होत्या ही मोठीच बातमी होती. साहजिकच चार मूर्ती त्याच थराच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी २००० ते १८०० च्या आसपासच्या, असं साळी आणि ढवळीकर यांचं मत झालं. हत्ती, गेंडा आणि रेडा हे तिन्ही प्राणी सिंधू मुद्रांवर आहेतच.

हरकत घेतली ती पुरातत्त्वज्ञ धर्मपाल अग्रवाल यांनी. मूर्ती उत्खननात नव्हे तर झाडाखाली मिळालेल्या, तेव्हा त्यांचा थर नक्की कसा धरायचा? आणि त्यांच्या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसं मिश्रण मिळत नाही, म्हणून या मूर्ती पुष्कळ अलीकडच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतात, असं त्यांनी मांडलं. हरकत दमदार आहे. पण सिंधू खोऱ्यातल्या काही वस्तूंत आर्सेनिक आढळतंच, आणि मोडीचा मघाचा हिशेब इथे लावून पाहिला तर चित्र थोडं बदलतं. जोर्वेकालीन वस्तू पुन्हा पुन्हा वितळलेल्या तांब्याच्या. त्यांत आर्सेनिक नाही, यावरून तो मूळ धातूत नव्हता असं सिद्ध होत नाही. मूर्तींचं तांबं मात्र ताजं, भट्टीतून फार दूर न गेलेलं असावं. कुणीतरी ६० किलो नवं तांबं एका कामासाठी एकत्र आणलं होतं. मला स्वतःला साळी-ढवळीकरांची बाजू पटते, पण ती आर्सेनिकमुळे नव्हे. एवढं तांबं दूरवरून मागवण्याची ऐपत आणि ओळखपाळख ज्यांच्याकडे होती असे लोक दायमाबादच्या पाच थरांत शोधायचे तर उत्तर हडप्पाच पुढे येतात.

कामाचा आवाका पाहा. या मूर्ती मेणाच्या साच्याने ओतल्या असाव्यात. आधी मेणात आकृती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप, मग भाजून मेण गाळून काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. ही रीत उपखंडात फार जुनी. मेहेरगढलाच मिळालेला दोन सेंटीमीटरचा चाकाच्या आकाराचा तांब्याचा ताईत तिचा जगातला सगळ्यांत जुना ज्ञात नमुना मानतात, वय सुमारे ६,००० वर्षं. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तिका साडेदहा सेंटीमीटरची. आणि इथे ४५ सेंटीमीटरचा रथ. धातूचं वजन मेणाच्या साधारण नऊपट भरतं, म्हणजे ६० किलोंना सहा-सात किलो मेण. मुशी लहान असत, तेव्हा एकेका ओतकामासाठी अनेक मुशी एकाच वेळी तयार हव्यात. एकीतला धातू थंडावायच्या आत दुसरी ओतली गेली पाहिजे, नाहीतर सांधा कच्चा राहतो. आणि एवढं सगळं करून मूर्ती भरीव ठेवली! आत मातीचा गाभा ठेवून पोकळ ओतली असती तर बरंच तांबं वाचलं असतं. पोकळ ओतकाम त्यांना जमत नसेल, असंही म्हणता येईल. मला वाटतं, वाचवायचं नव्हतंच. ओढणाऱ्याच्या हाताला आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना वजन जाणवायला हवं होतं.

मग या वस्तू मोडीत का गेल्या नाहीत? उत्तर हडप्पानंतर दायमाबाद रिकामं झालं नाही. माळव्याचे लोक आले, जोर्व्याचे नांदले, आठशे वर्षं तिथे तांब्याची चणचण असलेली माणसं राहिली, आणि त्यांच्या वस्तीत कुठेतरी शेकडो कुऱ्हाडी होतील इतकं तांबं पडून होतं. त्यांना ते ठाऊक असतं तर ते उरलं नसतं. कुणीतरी ते इतकं चांगलं लपवलं की पुढच्या पिढीला सांगायला तो माणूस राहिला नाही.

अशी आणखी एक ठेव महाराष्ट्राच्या हद्दीला लागून मिळाली आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ १८७० साली गुराखी पोरांना जमिनीतून धातूचं टोक डोकावताना दिसलं. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. तांब्याचं वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. बहुतेक चपट्या कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारख्या छिन्न्या. देशातली मोठी तांब्याची खाण, मलाजखंड, याच जिल्ह्यात आहे. प्रवरेच्या काठी सहा कुऱ्हाडी म्हणजे वैभव, आणि खाणींच्या मुलखात चारशेचा ढीग. अंतराचा भाव किती पडत होता ते या दोन आकड्यांत दिसतं.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस हटला. गोदावरी-प्रवरेची बहुतेक गावं उठली. इनामगाव आणखी दोन-तीनशे वर्षं रेटत राहिलं, पण चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, मडकी ओबडधोबड झाली, शिकारीचं प्रमाण वाढलं. ७०० च्या आसपास तेही संपलं. त्याच सुमाराला विदर्भात शिळावर्तुळं रचणाऱ्या लोकांकडे लोखंड आलं होतं. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला त्यांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. लोखंडाचा दगड तिथे आसपासच मिळतो. हत्यारासाठी अरवलीकडे डोळे लावून बसायची गरज संपली. तांबं मागे पडलं असं मात्र नव्हे, त्याने काम बदललं. याच लोकांच्या माहुरझरी इथल्या दफनांत घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले आहेत, त्यांवर लोखंडाचे गोळे बसवलेले. ज्या धातूची कुऱ्हाड व्हायची त्याचं आता घोड्याचं लेणं होत होतं.

पुढे सातवाहनांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरून रोमन माल चढू लागला, आणि तांबं-कासं वेगळ्याच दिशेने या पठारावर आलं. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा एक साठा निघाला. त्यात इथली भांडी आहेत, स्वार बसलेला हत्ती आहे, आणि त्याच ढिगात रोमन बनावटीची सुरई आणि पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती बघता येते. अभ्यासकांनी या मूर्तीवरून रोम आणि करवीर यांच्या व्यापाराबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. पण देवाची मूर्ती भांड्याकुंड्यांच्या ढिगात एकत्र ठेवणारा माणूस तिची पूजा करत नसावा, आणि कलेचा शौकीनही नसावा. मला तर तो भांडीवाला किंवा ओतारी वाटतो. मोड गोळा करून, वजन करून, भट्टीचा दिवस ठरवून बसलेला.